फटकी

उपदेश झकास झाला, सगळे म्हणाले.
दान द्या, दुप्पट मिळेल –
संदेष्ट्याचं अर्धं वचन, बाकी माझा घसा.

सोमवारी नंदुरबारला, मिरचीच्या पथारीवर
रोदाबाई वळवी फटकी वेगळी काढत होती.
"लांबून सगळा ढीग लालच दिसतो, पाळक,"
म्हणाली, मान वर न करता.
"त्याच पानावर, जरा वर,
मजुराची मजुरी बुडवणाऱ्यांचं लिहिलंय.
ते गाळलंस."

मी खोकलो. ठसका लागला म्हणालो.

काट्याजवळ मुकादम उभा होता,
आमच्याच मंडळीचा खजिनदार.
त्यानं खुर्ची पुढे केली.

रोदाबाईनं सरकून
गोणपाटावर जागा केली.
"रविवारी तिथूनच सुरू कर."

मी दोघांकडे पाहिलं.
चपला काढल्या.
डोळे झोंबत होते.
मिरचीनं असतील.