मिठाला जागणं

वहीच्या पहिल्याच पानावर लिहून घेतलंय:
समोरून या. मागून हाक मारू नका.
खाली बसा, डोळ्यांना डोळे भिडतील इतकं.
एका वेळी एक वाक्य, वाक्यात एकच काम.
पांढऱ्या ताटात पांढरा मासा वाढू नका,
त्यांना तो दिसत नाही.
"आठवतंय का?" असं कधीही विचारू नका.
हे शेवटचं हाल्दोराबाई दोनदा सांगतात
आणि फळ्यावर लिहीत नाहीत.

ते आकुरेरीत, वर्गात.
इथे बोगद्यांपलीकडे, सिग्लुफ्योर्दुरला,
सात नंबरच्या खोलीतल्या इंगिलेइफ
मला पाहिल्या पाहिल्या म्हणतात,
"उशीर केलास."

जूनमध्ये इथे रात्र होतच नाही.
पहाटे तीनला ऊन पलंगावर चढतं
आणि त्या उठतात,
गाऊनवर गाऊन घालतात,
डोक्याला टॉवेल बांधतात, गाठ मागे,
आणि निघतात.
"कुठे?"
"बोट लागलीय."
मी पाठ केलेला धीर बाहेर काढते.
तो पाठ केलेला आहे
हे त्यांना आवाजावरून कळतं.

तक्त्यावर माझ्या अक्षरात:
औषध घेतलं. औषध घेतलं. औषध घेतलं.
पाच दिवस.
सहाव्या दिवशी पाय धुवायला सपाता काढल्या
तर लोकरीच्या टोकाशी नऊ गोळ्या,
घामाने भुगा होत आलेल्या,
आणि साखरेचा एक खडा.

कळवलं. बोलणी खाल्ली. बरोबरच होतं.

स्वयंपाकघरात ओड्गेइर बटाटे सोलत होता,
मान वर न करता म्हणाला:
"हेरिंगचं एक पिंप भरलं की एक बिल्ला मिळायचा.
पोरींचे हात मिठाने, रक्ताने माखलेले,
मग मुकादम तो त्यांच्या बुटातच टाकायचा.
सकाळी बूट उपडे करायचे आणि मोजायचे.
माझी आईही तिथलीच.
बुटातली कमाई कुणी तोंडात टाकतं का?"

हेरिंग गेली त्याला किती वर्षं झाली.
पिंपं गेली, मुकादम गेले,
धक्क्यावरच्या फळ्या कुजून समुद्रात गेल्या.
मिठाला जागणारी एक बाई तेवढी
पहाटे तीनला उठून बसते.

मी आईच्या डब्यातून पितळी बटणं आणली.
गोळी तोंडात, पाण्याचा घोट, बटण सपातेत.
सोमवारी जमलं. मंगळवारी जमलं.
बुधवारी गोळी माझ्या बाहीवर थुंकली गेली.
गुरुवारी त्यांनी बटण उजेडात धरलं,
उलटसुलट करून पाहिलं.
"हे बटण आहे," म्हणाल्या.
"मला काय वेडी समजतेस?"
दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत.
संध्याकाळी कट्टी विसरल्या.
मला नाही विसरता आली.

मग प्रात्यक्षिक परीक्षा.
विषय: हातांची स्वच्छता, वेळ वीस मिनिटं.
परीक्षक दाराशी, हातात कागद.
कोमट पाणी. समोरून आले. खाली बसले.
त्यांच्या तळव्याखाली माझा तळवा, शिकवल्याप्रमाणे,
म्हणजे काम त्यांचं आणि आधार आपला.
आणि त्यांच्या हाताने माझा हात धरलाच.
बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा, मनगट,
रगडून, घासून, पुन्हा पाण्यात बुडवून.
"भेगांत मीठ बसलं," त्या म्हणाल्या,
"की आठवडाभर झोप नाही.
तू नवीन आहेस. पट्ट्या बांधत जा बोटांना."
मी "हो" म्हणाले.
परीक्षकांचं पेन बराच वेळ हवेत होतं.
कोणी कोणाचे हात धुतले
यासाठी त्या कागदावर रकाना नव्हता.

मी टॉवेल घ्यायला वाकले तेव्हा
त्याही वाकल्या होत्या, माझ्या पायांशी कुठेतरी.
मला वाटलं, तोल गेला.

परतीची बस पहिल्या बोगद्यात शिरली
तेव्हा टाचेखाली काहीतरी टोचलं,
गोल, चपटं, थंड.

आकुरेरीपर्यंत
मी बूट काढला नाही.