सांध्याची रेघ

दुपारी दोनला फोटो आला मोबाइलवर.
लाइट गेलेली, अक्कलकोट रोडचं डांबर मऊ पडलेलं.
गुर्रमशेठ म्हणाले, “हे टॉवेलवर बसव बे,
परदेशातली ऑर्डर हाय.
फुलदाणी हाय कसली तरी, चिनी.”

बोटांनी ताणून मोठा केला.
हिरवी म्हणता येईना, पांढरीही नाही;
ताक ठेवलं की वर निवळी येते
त्या रंगाची.
पोटावर एक चेहरा. डोळे दोन, शिंगं दोन,
खालचा जबडाच नाही.
आणि मागे सगळीकडं चौकोनी वळणं घेत
आत आत जाणारी रेघ,
ग्राफपेपरला माहेरची वाटावी अशी.

खाली बारीक अक्षरात माहिती.
भाची सुजाता कॉलेजातून आली, तिनं वाचली.
जेड नावाचा दगड, अडीचशे वर्षांचा.
आकार मात्र त्याच्याही मागं तीन हजार वर्षं,
काशाच्या भांड्याचा,
ज्यातून पितरांना मद्य वाढायचे.
दगड घडवणाऱ्यानं ते काशाचं भांडं
पाहिलंही नसेल कदाचित.
त्याच्यापुढं पोथीतलं छापील चित्र,
माझ्यापुढं त्याचा फोटो.

जेडला छिन्नी चालत नाही म्हणे.
ओली वाळू आणि ताणलेली तार,
पुढं-मागं, पुढं-मागं,
एका भांड्याला वर्ष, दीड वर्ष.
हे मला कुणी समजावून सांगायला नको.
आमच्यात धोटा असाच जातो,
फक्त आमच्या हातून काही कापलं जात नाही.

“आणि या कडा गं?”
चारी कोपऱ्यांवर उभ्या, दातेरी.
सुजातानं पुढं वाचलं:
काशाचा रस ओतायचा तर साचा मातीचा, तुकड्यातुकड्यांचा.
तुकडे भिडतात तिथं रस फुटून बाहेर येतो,
सांधा दिसतो.
मग सांध्यावरच कड उभी केली,
झाकायला काढलेली शोभेची झाली.

दगडाला कुठला साचा?
तरी त्यानं कड ठेवली.
नसलेल्या सांध्यावर,
वाळूनं, वर्षभर.

मी पाणी प्यायला उठलो आणि तसाच उभा राहिलो.

नायनाच्या जकार्डला उजवीकडचा एक हूक तुटका होता.
दुरुस्तीला पैसे नव्हते, नंतर सवय झाली.
त्याच्या प्रत्येक चादरीवर
मोराच्या तुऱ्यात एक पीस कमी.
माझ्या लूमला सगळे हूक शाबूत.
एकवीस वर्षं झाली,
पीस मी अजून कमीच काढतो.
कुणी विचारलं नाही.
विचारलं असतं तर काय सांगितलं असतं, ठाऊक नाही.

तीन रात्री घर भरत बसलो, लाल पेन्सिलीनं,
एकेक चौकोन.
शेठ येऊन बघून गेले.
“ह्या दातेऱ्या काढ की, सूत खातंय.”
“बघतो,” म्हणालो.
सहाशे चाळीस कार्डं ठोकली,
दातेऱ्यांसकट.

सँपल पसंत पडलं नाही.
चेहरा बघून तिकडं कुणाला भीती वाटली म्हणे,
आंघोळीनंतर तोंड पुसताना.
शेठ दोन दिवस बोलले नाहीत,
मग वाघाची ऑर्डर आली.

ते एकच टॉवेल घरी आहे.
अमावस्येला अम्मानं तांब्या घासला,
त्याच टॉवेलनं पुसला,
नायनाच्या फोटोपुढं पाणी ठेवलं.
तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं.
ओला चेहरा, जबड्याविना,
खुर्चीच्या पाठीवर वाळत पडला.

तांब्या म्हणायचा, आहे स्टीलचा.
गळ्याखाली गोल रेघ आहे एक,
पूर्वी तांबट जिथं जोड ठोकायचा तिथं.
मशिनीनं दाबलेल्या पत्र्याला
जोड कसला?

रेघेत थेंब अडकला होता.
अम्मानं बोट फिरवून तो निपटला,
एकदा, आणि सवयीनं
परत एकदा.