शेरा

नोंदवहीला सहा रकाने:
तारीख, हजेरी, बाप्तिस्मे, मृत्यू, दान,
आणि कडेला चिंचोळा, शेरा.
एकोणीस वर्षं तो मी कोरा ठेवला.
म्झुझूच्या कार्यालयात तो कुणी वाचत नाही
हे मला ठाऊक होतं.

पाळकसाहेबांकडे चौदा मंडळ्या आणि एक मोटरसायकल.
तीन महिन्यांतून एकदा येतात, भाकर मोडतात, प्याला देतात,
पेट्रोलचे पैसे मागताना लाजतात.
मधले सगळे रविवार सुझगो लुहांगाचे.
त्याला पगार नाही. सायकल आहे,
तीही बायकोच्या माहेरची.
गुरुवारी संध्याकाळी तो भिंतीला फळा टेकवतो,
खडू संपला की वाळल्या कसाव्याचा तुकडा घेतो
आणि विचारतो,
"मागच्या वेळी कुठं होतो आपण?"
कुणालाच आठवत नसतं.
मग तो पुन्हा मागून सुरू करतो.

ऑगस्टात ब्लँटायरहून प्रचारक आले.
जनरेटर, कर्णे, पांढरे बूट.
सरोवराच्या वाळूत तीन रात्री.
तीनशे बारा हात वर झाले. मीच मोजले.
त्यात एक माझाही होता; गर्दीत राहवलं नाही.
म्झुझूहून अभिनंदनाचं पत्र आलं, शिक्क्यासकट.

पुढच्या गुरुवारी फळ्यासमोर अकरा माणसं,
त्यातला एक दिव्याच्या उजेडात जाळं शिवायला आलेला.
मी म्हटलं, "लुहांगा, तीनशे एक गेले कुठं?"
तो फळा पुसत होता.
म्हणाला, "खडू अकरांपुरताच आहे."

त्या अकरांत न्यागोंड्वे होती.
वय अडुसष्ट, काम मासळी वाळवण्याचं.
अक्षरं शिकायला तिला दोन वर्षं लागली,
बोटावरची खवलं पानांना चिकटायची.
म्हातारीचं पुस्तक अंधारात चमकतं, असं पोरं म्हणत.

मग एक रविवार.
स्तोत्र सुरू झालं, सगळ्यांना तोंडपाठ,
आजोबांपासून चालत आलेलं.
आम्ही संपवून बसलोसुद्धा.
ती उभीच. बोट ओळीखाली,
ओठ हलताहेत, एक एक अक्षर उचलून ठेवावं तसे.
आणि मग मोठ्यानं: "हे असं नाहीये."

आम्ही म्हणत आलो होतो, "थांब."
छापलं होतं, "वाट बघ."
आमच्या बोलीत एका अक्षराचा फरक.

वडील चिरवा खाकरले. "खाली बस, आई."
ती बसली नाही.
लुहांगा उतरून तिच्यापर्यंत गेला.
चष्मा नाही त्याच्याकडे; वाकला,
नाक जवळजवळ तिच्या नखाला लागलं.
बराच वेळ तसाच राहिला.
मला वाटलं, आता हा काहीतरी सावरून घेईल,
मी असतो तर घेतलं असतं.
तो म्हणाला,
"मला माझ्या गुरुजींनी चुकीचं शिकवलं.
तुम्हाला मी.
वाच, न्यागोंड्वे. आम्ही तुझ्यामागून म्हणतो."

ती वाचत गेली, अडखळत,
आणि सगळी मंडळी तिच्या वेगानं,
म्हणजे फारच सावकाश,
एका म्हातारीच्या बोटामागून चालली.
चिरवासुद्धा, शेवटी शेवटी.

त्या दिवशीची नोंद:
हजेरी चौतीस. बाप्तिस्मे नाहीत. मृत्यू नाहीत.
दान सहाशे क्वाचा आणि एक कोंबडी.
शेरा: एक शब्द दुरुस्त.

मग घरी जाऊन खिळा आणि हातोडी घेतली.
बापाच्या कबरीवर, ओल्या सिमेंटात,
मीच लिहिलं होतं ते, सतराव्या वर्षी,
पाठ होतं तसं: "थांब."
सिमेंट आता दगड झालं होतं.
त्या एका अक्षराला
अंधार पडेपर्यंत वेळ लागला.