फूल कुठे ठेवायचं

रबाळ्याच्या गाळ्यात, खिडकीखाली,
भिंतीला पाठ टेकून बसलेला तो.
पंखा लागला की कुकरची शिट्टी होण्याआधीची
फुरफुर, आणि मग शिट्टी होतच नाही.

पोटात अठरा वर्षांची व्हॉल्व्हची ड्रॉइंगं,
एक कोर्टकज्जा, बुडालेली उधारी,
'फायनल', 'फायनल दोन', 'हेच घ्या',
'सोनटक्केंनी बघितलेलं'
अशा नावांची फोल्डरं. ती मलाच कळतात.
'उघडू नये' नावाचंही एक आहे.
मी उघडलंय.
आत सरांच्या मुलीच्या परदेशी कॉलेजचे फॉर्म,
न भरलेले.

दोन वर्षांमागे गाळ्यात गुडघाभर पाणी आलं
तेव्हा मी त्याला कडेवर घेतलं,
वायरी लोंबत होत्या तशाच.
सोनटक्के जिन्यावरून ओरडत होते,
अहो प्रणोती, आधी माणसं!
मी म्हटलं, हो, आणतेय.

त्यानंतर सबनीस सर म्हणाले, पुरे.
सगळं क्लाउडवर टाकू.
मला हसू आलं. ढगानंच बुडवलं
आणि त्याच्याच घरी ठेव ठेवायला निघालो.

चार रात्री निळी पट्टी सरकत होती.
एकसष्ट टक्क्यांवर पाऊण दिवस बसून राहिली,
म्हैस रस्त्यात बसते तशी.

सोनटक्के आता निवृत्त. कळव्याहून फोन.
"किल्ली कुणाकडे?"
"किल्ली नाही काका, पासवर्ड."
"विसरलीस तर?"
"फोनवर आकडा येतो."
"आणि फोन पाण्यात पडला तर?"
स्टीलच्या कपाटाची किल्ली
तीस वर्षं करगोट्याला बांधून हिंडलेला माणूस.
त्याला काय सांगू?
म्हटलं, सगळीकडे कॉपी असते.
"सगळीकडे," ते म्हणाले. मग बराच वेळ
त्यांच्याकडचा प्रेशर पंपच ऐकू आला.

टपरीवर विश्राम मढवी भेटतो.
महापेला, पारसिकच्या पायथ्याशी,
बिनखिडक्यांच्या त्या इमारतीत डिझेल सांभाळतो.
"ढग कसला गो!
नऊ जनरेटर हायेत. दर गुरवारी चालू करून बघतो.
आत थंडी, भायेर नुसती भट्टी."
म्हणजे दोन सिग्नल आणि एक उड्डाणपूल?
"तुमचा तिथंच आसंल आसा काय नाय,"
चहा फुंकत तो म्हणाला.
"मला तरी कुठं म्हाईत, कोनाचा काय हाय ते."

खंडेनवमीला दरवर्षी
लेथला हळदकुंकू, व्हर्नियरला हळदकुंकू,
आणि मॉनिटरच्या माथ्यावर झेंडू.
एका वर्षी पाकळी एफच्या बटणाखाली गेली
आणि नाताळपर्यंत आमच्या कोटेशनांत
फ्लँजचं लँज होत राहिलं.
गिऱ्हाइकांनी तरी ऑर्डरी दिल्या.

यंदा टेबलावर एक चौकोन.
तेवढाच स्वच्छ, बाकी सनमायका पिवळा पडलेला.
लेथची पूजा झाली, व्हर्नियरची झाली,
मी ताट घेऊन उभी.
नवीन मुलगा म्हणाला, मॅडम, लॅपटॉपला वाहा ना.
पण लॅपटॉपात काही नाही. तो नुसता दरवाजा.

विश्रामला विचारलं होतं आदल्या दिवशी,
आमचं एक फूल न्याल?
"आत? आत बुटांना पन पिशव्या घालाव्या लागतात.
पाकळीबिकळी चालाची नाय. जनरेटरला घालतो."
मी शेवंती दिली, ओळखू यावी म्हणून.

दुपारी फोटो आला. नऊ पिवळेधमक धूड,
नऊ झेंडूचे हार,
आणि सातव्याच्या हँडलला माझी पांढरी शेवंती,
थोडी डिझेलची झालेली.

भंगारवाला शनिवारी डबा घेऊन गेला. किलोवर.
त्यातली डिस्क मी आधीच काढली होती.
सरांना माहीत नाही.
आई नोटा ठेवायची तुरीच्या डब्यात,
वर डाळ लेव्हल करून.
तशी ठेवलीय. घरी.
परवा आमटीला डाळ काढताना
बोटांना गार लागली.