निरंक

कोर्टाच्या भिंतीला लागून, सीबीएसच्या बाजूला,
ताडपत्रीखाली निरगुडे काकांचं टेबल.
टाइपरायटर अजून चालतो, फक्त 'ण' अडकतो.
"शिक्षणात खंड किती?"
"नऊ वर्षं."
त्यांनी चष्म्यावरून पाहिलं,
दुकानदार चिकटपट्टी लावलेल्या नोटेकडे पाहतो तसं.
"आणि आता नर्सिंग?"
"हो."

मग कागद खडखडत वर सरकू लागला:
मी, हेमांगी सुधाकर पाळदे, वय एकतीस,
राहणार जेल रोड, नाशिक रोड,
सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की
सदर कालावधीत मी कोठेही प्रवेश घेतला नाही,
कोणताही अभ्यासक्रम केला नाही,
कोणतेही गैरकृत्य केले नाही.

खरंच आहे सगळं.
आधीची चार वर्षं अंबडच्या कंपनीत
रंगाचा घट्टपणा मोजला, पगारी.
पुढची पाच, बिनपगारी,
दर दोन तासांनी अण्णांची कूस बदलली.
रात्री बाराला, दोनला, चारला.
डाव्या टाचेवर रुपयाएवढा लालसर डाग दिसला
की माझी झोप उडायची.
नळीतून पेज किती कोमट द्यायची
हे मनगटाला विचारायचं, हे मला कुणी शिकवलं?
कुणीच नाही. म्हणजे प्रवेश घेतला नाही, हे बरोबरच.

कॉलेजच्या खिडकीतल्या बाई म्हणाल्या,
"बी.एस्सी. असलात तरी सूट नाही हं, ताई.
पहिल्यापासून. बारावीच्या पोरींबरोबर."
बारावीचं बायोलॉजी मी खालच्या मजल्यावरच्या
मृण्मयीकडून आणलंय.
तिनं हृदयाच्या आकृतीत कुणाचं तरी नाव लिहून खोडलंय,
बरोबर महाधमनीवर.
आता सीईटीला महाधमनी विचारली
तर मला आधी तो खोडलेला मुलगा आठवणार.

"रुग्णसेवेचा पूर्वानुभव?" काकांनी फॉर्म वाचून विचारलं.
"संस्थेचा दाखला आहे?"
"नाही."
"मग निरंक," म्हणाले, आणि
अडकणारं अक्षर नसल्यामुळे
झटक्यात उमटवलं.

मी खाली बघत होते.
चपलेचा पट्टा त्यांच्या पायात रुतला होता.
"काका, सूज किती दिवसांची?"
"ही? बसून बसून."
मी वाकले. अंगठा दाबला, धरला, सोडला.
खळगा तसाच राहिला.
नोटरीची रांग, चहावाला पोऱ्या, शिक्के,
सगळं त्या खळग्याभोवती थोडा वेळ थांबलं.
"रात्री दम लागतो?"
ते काही बोलले नाहीत.
"उशा किती घेता?"
"तीन," हळूच म्हणाले, बायकोपासून लपवल्यासारखं.
"उद्याच सिव्हिलला जा. नाही, आजच जा."
त्यांनी माझे वीस रुपये परत करायला काढले,
मग विचार बदलून गल्ल्यात ठेवले.
निरंक मात्र तसंच राहिलं.

घरी अण्णांनी कागद मागितले.
तीस वर्षं प्रेसमध्ये कोऱ्या नोटांचे ताव मोजलेला माणूस.
एक ताव कमी भरला तर
अख्खी पाळी दाराशी अडकायची, सांगायचे.
आता उजवा हात मांडीवर झोपलेला,
डाव्या अंगठ्याला जिभेचं ओल लावून
एकेक कागद उलटत गेले.
अकरा होते. त्यांचे नऊ भरले.
पुन्हा मोजले. चौदा.

नंबर नसलेली नोट हाताला लागली
की ते बाजूला काढायचे.
तसाच त्यांनी तो एक कागद काढला,
ट्यूबलाइटसमोर धरला,
आणि वाकड्या तोंडानं, एक डोळा मिटून
आत काही दिसतंय का ते शोधत बसले.

"अण्णा, द्या तो.
दोन झेरॉक्स काढायच्यात,
आणि चार वाजलेत,
कूस बदलायचीय."