पाचशे चार

सिडकोतल्या पत्र्याच्या खोलीत
फोर-एट्टी-सिक्सचं झाकण उघडलं.
पाच स्क्रू. सहावा तेव्हापासूनच नाही.
आत धूळ, आणि रॅमच्या पट्टीला टेकून
एक वाळलेली माशी.

जुनी डिस्क अर्ध्या विटेएवढी जड.
एकशेवीस एमबी. वाटलं होतं,
सिन्नरपासून त्र्यंबकपर्यंतची लग्नं मावतील.
मावलीही.
‘आमचे येथे श्रीकृपेकरून’
एकदाच टाइप केलं,
पुढे नुसती नावं बदलत गेलो.

ओवेसने एम. जी. रोडवरून आणलं
काडेपेटीहून पातळ कार्ड. चार जीबी.
‘चाचा, जन्मभर पुरेल.’
मशीनने मोजलं: पाचशे चार.
पुन्हा मोजायला लावलं: पाचशे चार.
त्यापुढचे आकडे याला कुणी शिकवलेच नव्हते.
ओवेस हसला.
मी परवाच बँकेच्या मशीनपुढून
तसाच परत आलो होतो.

कॉपी रात्रभर. कर्र, थांब, कर्र.
एका पत्रिकेवर अडकली:
पुन्हा करू, की सोडू?
तीनदा पुन्हा म्हटलं. मग सोडलं.
कुणाची, आठवत नाही.
लग्न तर झालंच असेल.

अंबडचा भोंगा झाला तेव्हा नव्या कार्डावर सुरू केलं.
पडद्यावर एक जानेवारी, ऐंशी.
आवाज मात्र काहीच नाही.
झाकणाला कान लावून बसलो.

शेवटी जुनी डिस्क परत आत ठेवली,
डेटाची केबल न लावता, नुसती वीज.
घरघरायला लागली.
तिला वाटत असेल, काम चालू आहे.
मलाही मग टायपायला सुचलं.

ओवेसला हे सांगितलेलं नाही.