बारा कुप्या

परदेशी संचात लायलॅक होता, पाइनचं लाकूड,
असलं काहीबाही, जे सातपूरच्या माणसानं
जन्मात हुंगलेलं नाही.
नापास माणूस झाला की वास, तेच कळेना.
मग रविवार कारंज्यावरून आणल्या बारा कुप्या.
हिंग, कापूर, रॉकेल, ओवा, डांबरगोळी, केवडा,
पिंपळगावच्या बेदाण्याला येतो तो गंधक.
उरलेल्या नाही सांगत. उद्या तुम्हीही याल.

त्र्यंबक गायधनी, वय एकाहत्तर,
नोटप्रेसच्या शाईखात्यात चौतीस वर्षं.
तक्रार काय? म्हणाले, काही नाही.
कुमुदिनीबाई म्हणाल्या, परवा दूध करपलं,
पातेलं काळं पडलं
आणि हे ओट्याशेजारीच पेपर वाचत बसलेले.
बाकी सगळं आठवतं यांना.
जेल रोडचे थांबे ओळीनं. नातवाचा वाढदिवससुद्धा.

डोळे मिटा म्हटलं तरी किलकिले ठेवून
ते माझ्या चेहऱ्यावर उत्तर शोधतात.
ओवा? माझी भुवई हलते. नाही नाही, बडीशेप.
हिंगाला म्हणाले, पाणी.
रॉकेल ओळखलं. कापूरही, जरा उशिरा.
केवड्यापाशी बराच वेळ थांबले,
कडी वाजवून आतल्या पावलांसाठी थांबावं तसे.
मग म्हणाले, कुणाच्या तरी लग्नातलं आहे हे.

बारापैकी चार.

बाईंना तेच सांगितलं जे सगळ्यांना सांगते:
वास सर्दीनं जातो, वयानं जातो, तपकिरीनंही.
हा निकाल नव्हे, नुसती खूण. पुढचं डॉक्टर बघतील.
कधी कधी आठवणीच्या आधी नाक निघून जातं, एवढंच.
त्या म्हणाल्या, म्हणजे लवकर आलो ना आम्ही?
हो म्हणाले. लवकर.
त्या लवकरचं घरी नेऊन काय करायचं,
ते कुठल्या कागदावर लिहिलेलं नसतं.

तेवढ्यात तेच बोलू लागले.
प्रेसमध्ये एक कागद कमी भरला ना,
तर गेट उघडायचं नाही. रात्र झाली तरी.
कोरा असला तरी. कोरासुद्धा मोजून द्यायचा.
एकदा पहाटेपर्यंत बसलो सगळे,
टेबलाच्या पायाखाली निघाला.

बोलता बोलता बुचं लावत होते,
अंगठ्यानं दाबून, घट्ट,
पेटीच्या खाचांत एकेक कुपी, ओठांत आकडे.
बारा, म्हणाले. भरल्या.
आणि मी मान हलवेपर्यंत
खुर्चीवरून उठले नाहीत.